मान खाली, हलू नका

आई शर्टाच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. कापडाचे थर एकावर एक रचायचे, वर खडूने आखायचं आणि एका दमात कापायचं. हाताखाली सगळे पुरुष, आणि सगळे तिला टरकून. कात्री चालवता आली की जगातलं काहीही कापता येतं, असा तिचा ठाम समज होता. तो समज आमच्या डोक्यांनी भोगला.

घरातल्या कुणालाही तिने सलूनची पायरी चढू दिली नाही. महिन्यातून एकदा बाल्कनीत स्टूल मांडलं जायचं. गळ्याभोवती जुनी चादर, तिला मागून कपड्यांचा चिमटा. मग ती मानेवर चक्क खडूने रेघ मारायची. बाबा, दादा, मी, तिघांचं माप एकच, जसे काही आम्ही एकाच ऑर्डरमधले शर्ट. रेघ उजवीकडे हमखास वर चढायची. शाळेत बाईंनी मला आणि दादाला पाठमोरं बघूनच सख्खी भावंडं म्हणून ओळखलं होतं.

बाबांचा फोटो स्टुडिओ. पासपोर्टचे नाहीतर परीक्षेच्या अर्जाचे फोटो. "केस नीट करा, मान सरळ ठेवा," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघता बघता स्वतःचीच मान तिरकी करायचं. आईला हे सांगितलं तर म्हणायची, "लोकांच्या माना वाकड्या, त्याला मी काय करू?"

आई गेली आणि बाबांचे केस वाढायला लागले. आधी कानांवर आले, मग कॉलरवर. स्टुडिओ बंदच. "केस कापले की उघडतो," म्हणायचे, आणि केस काही कापून घ्यायचे नाहीत. दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. "आणखी थोडे दिवस असेच गेले ना," दादा मला म्हणाला, "तर ते त्या खुर्चीतून उठणारच नाहीत." मलाही तीच धास्ती होती.

शेवटी दादाने त्यांना धरून सलूनमध्ये नेलं. थोड्याच वेळात बाबा परत आले, केस होते तसेच, गळ्याभोवती सलूनची चादर.

"बाबा, हे काय?"

"त्याने विचारलं, कसे कापू."

"मग?"

"मग काय! असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

मागून दादा धापा टाकत आला. "अगं, कात्री लागायच्या आत उठून चालायला लागले! हे पुढे चादर फडकवत, मी मागे. सगळ्या रस्त्याला वाटलं, मीच न्हावी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीला झोपवलं आणि बाल्कनीत स्टूल मांडलं. मुलगी वर्षाची आहे; आई गेल्यापासून तिला घेऊन मी बाबांकडेच आहे. माझी सगळी कामं तिच्या झोपेच्या मापात बसवावी लागतात. हे लिहिणंसुद्धा.

"मी कापते," म्हटलं.

"तुला येतं?"

"आईला तरी कुठे येत होतं?"

बाबा जरासे हसले आणि येऊन बसले.

मी जीव मुठीत धरून, जपून कापत होते. बाबा मात्र सारखे चुळबुळत होते.

"टोचतंय का?"

"नाही. तू काही बोलत नाहीस."

"केस कापताना काय बोलायचं?"

"ती बोलायची."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. एरवी बाबा आईच्या तावडीत सापडायचे नाहीत. ती बोलायला लागली की यांना नेमकं गिऱ्हाईक यायचं. पण मानेशी कात्री असताना माणूस पळणार कुठे? महिनाभराचं सगळं ती त्या स्टुलावर वसूल करायची. बाबांना केस कापणारं कुणी नको होतं, बोलणी ऐकवणारं हवं होतं.

मी घसा साफ केला आणि आईचा सूर लावला. "अहो, कालची गोळी तशीच आहे डबीत. मला काय दिसत नाही?"

"हं."

"आणि माझ्या मुलीला जेवायच्या आधी बिस्किटं देता. मग ती जेवत नाही, आणि मी वाटी घेऊन घरभर तिच्यामागे."

"ती मागते."

"ती रिमोटही मागते. तो देता का खायला?"

"हं." बाबांचे खांदे सैल पडले. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी नीट वागत होतं.

माझ्याकडचा बोलण्यांचा साठा संपला.

"एक राहिलं," बाबा म्हणाले. "ती गेली त्या दिवशी मी स्टुडिओत होतो. जायला नको होतं. त्यावरून मला कुणी एक शब्द बोललं नाही. जो येतो तो पाठीवरून हात फिरवून जातो."

माझाही हात पाठीकडेच निघाला होता. मी तो मागे घेतला.

"मान खाली," मी म्हटलं. "तुम्ही गेलात, का तिने हाकललं? मी होते तिथे. 'माझं तोंड काय बघत बसलात, पोरांचे परीक्षेचे फोटो कोण काढणार?' हे अंथरुणावरून कोण ओरडलं? चष्मा विसरला म्हणून परत आलात, तर पुन्हा ओरडली. तिचं शेवटचं ओरडणं तुमच्या वाट्याला आलं, बाबा. आम्हाला नुसतं गोड बोलून गेली. आणि तिने उघडायला लावलेलं शटर ओढून घेऊन तुम्ही इथे ऋषीसारखे बसलात! कुणासाठी? तिच्यासाठी तर नक्कीच नाही."

बाबांचे खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते, मी वाकून बघितलं नाही. कापत राहिले. त्यात एक कान थोडक्यात वाचला.

झाल्यावर ते आरशासमोर जाऊन उभे राहिले.

"सलूनवाल्याने बरे कापले असते," म्हणाले.

"मग जायचं त्याच्याकडे."

"तो बोलत नाही." त्यांनी नाक पुसलं. "स्टुडिओची किल्ली दादाकडे आहे ना? सांग, आज संध्याकाळी आणून दे."

"उद्या रविवार आहे, बाबा."

"मग? रविवारी काय लोकांना तोंडं नसतात?" म्हणाले, आणि मानेवरचे केस झटकत स्वतःच फोन शोधायला आत गेले.