मंगळाचं सेकंड ओपिनियन

रेखाकाकूंनी सगळी नोकरी दुसऱ्यांचे एक्स-रे वाचण्यात घालवली. एका डॉक्टरच्या शब्दावर त्यांनी कधी स्वतःचा दातसुद्धा काढू दिला नाही. त्यामुळे पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की लेकीचा, सावनीचा मंगळ आठव्या घरात आहे, टेक्ससमधल्या प्लेनोच्या अंकुरशी लग्न केलं तर त्याच्या जिवाला धोका, तेव्हा काकूंनी नमस्कार केला, कॉल बंद केला आणि सेकंड ओपिनियन शोधायला घेतलं. तोवर होकार नाही. आणि आईच्या होकाराशिवाय लग्न करणार नाही, असं सावनी एका हळव्या क्षणी बोलून बसली होती.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये मंगळाचा तज्ज्ञ कुठून आणणार? पण दर रविवारी जेवायला गिरिजा यायची. नागपूरची ही मुलगी जवळच्याच युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती: अरबी ज्योतिषाची पुस्तकं मध्ययुगात हिब्रूत आणि लॅटिनमध्ये कशी पोचली, यावर. काकूंनी त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं.

"काकू, मी पत्रिका बघत नाही हो. पत्रिका बघणाऱ्यांची पुस्तकं बघते."

"म्हणजे स्पेशालिस्टांची स्पेशालिस्ट. पुरणपोळी घे अजून."

तिसऱ्या पुरणपोळीनंतर नाही म्हणणं कठीण असतं. गिरिजाने लॅपटॉप उघडला. त्या पुस्तकांत राशी वेगळ्या बिंदूपासून मोजतात. सगळे ग्रह चोवीसएक अंश पुढे सरकले आणि मंगळ नवव्या घरात जाऊन बसला.

"मॉम! डन!" सावनी ओरडली.

"डन काय? रिपोर्ट असा बदलला तर आम्ही आधी मशीन तपासायचो. गिरिजा, हे कोणाचं?"

"अरबी, काकू."

"मग हिब्रूवाल्यांचं बघ. लॅटिनचंही."

"तेही असंच मोजतात. पुस्तक अरबीतूनच गेलंय ना."

"अगं, मग एकाच लॅबचे तीन प्रिंटआउट झाले हे! गुरुजी तरी इंडिपेंडंट आहेत."

"तसे पूर्ण नाहीत," गिरिजा चाचरत म्हणाली. "ते वर्षफळात इत्थशाल, मुंथा म्हणतात ना, ते शब्द अरबीतूनच आलेत."

काकूंचे यजमान हेमचंद्रकाका इतका वेळ कटाची आमटी पीत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"जन्मवेळ माहीत नसेल तर काय करायचे हे लोक?"

"प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली मांडायचे, काका. जहाज पोचेल का, हरवलेलं खेचर कुठे आहे, असं काहीही."

"मग मांड. रेखा या लग्नाला हो म्हणेल का?"

"अहो!"

पण प्रश्न विचारून झाला होता. गिरिजाने मायक्रोवेव्हवरची वेळ घेतली आणि तिन्ही पोथ्यांचे फोटो पडद्यावर आणले.

"अरबीत म्हटलंय, चंद्र असा एकटा, कुठल्याच ग्रहाशी न जुळणारा असेल तर काम होणार नाही. हिब्रू अनुवादकाने पदरचं एक वाक्य घातलंय: विशेषतः निर्णय वयस्क स्त्रीच्या हाती असेल तर."

"आणि लॅटिन?"

"त्याने खाली लिहिलंय, प्रार्थना करा."

सावनीचा चेहरा पडला. काकूंचा लाल झाला.

"वयस्क? कधीचा आहे हा माणूस?"

"बाराव्या शतकातला."

"बाराव्या शतकात बसून माझा रिपोर्ट देतोय? पेशंट न बघता?"

"तू तरी कुठे पेशंट बघायचीस?" काका म्हणाले.

"मी फिल्म बघायचे! आणि मी काय ठरवणार ते मला ठरवू दे!" काकूंनी फोन उचलला आणि अंकुरच्या आईला लावला. "मालिनीताई, रेखा बोलतेय. तारीख काढा. हो, हो, आमच्याकडून पक्कं. मंगळ? मंगळ राहील बसला तिथे."

सावनी आईच्या गळ्यात पडली. काकांनी आमटी पुन्हा वाढून घेतली. काकूंनी फोन ठेवला आणि गिरिजाकडे वळल्या.

"चूक निघाली म्हणून कळव त्यांना."

"कोणाला, काकू?"

"तिघांनाही."