डोळ्यातली पाणसळ

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. यात स्वाभिमानाचा वाटा थोडा आणि धंद्याचा जास्त. ते गिलाव्याचे मिस्त्री, आणि छत ही त्यांची खासियत. माणूस उमेदीची सगळी वर्षं फळीवर उभा राहून वर बघत राहिला, की मान तशीच बसते. आमच्या लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आमच्या छताकडे तासभर. होकार बहुधा छतानेच मिळवला. पुढे आम्ही घर घेतलं, तेव्हा हॉलचं छत त्यांनी स्वतः केलं. लेकीला आहेर म्हणून. माझ्यासाठी काही केल्याचं आठवत नाही.

अशा माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की आता काही आठवडे मान खाली.

त्यांचा डावा डोळा तरुणपणी चुन्याने घालवला होता. त्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. आता उजव्या डोळ्यातला पडदा सुटला. शस्त्रक्रिया करून तो जागेवर बसवला आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर जातो, म्हणून तोंड जमिनीकडे ठेवायचं, म्हणजे तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. नाताळपर्यंत तो विरत जाईल, मग नजर कितपत उरली ते कळेल. तोपर्यंत वाट पाहायची, असं बाई म्हणाल्या. चर्चमध्ये नाताळाआधीचा, वाट पाहण्याचा आगमनकाळ सुरू झाला होता आणि तिथेही फादरांचं म्हणणं तेच होतं. फक्त तिथे मान वर करायला परवानगी होती.

सासरे एवढंच म्हणाले, "जन्मभर पाणसळ भिंतीला लावली. आता डोळ्यात बसवून घेतली."

पाणसळ म्हणजे गवंड्यांचं ते अवजार, ज्याच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की काम सरळ आहे असं समजायचं.

त्यांना आमच्याकडे आणलं. हॉलमध्ये खाट टाकली, खाटेच्या टोकाला दोन उशा आणि उशांच्या मधल्या फटीत बाबांचं तोंड. दरवर्षी आगमनकाळात बायको चार मेणबत्त्यांचं हिरव्या पानांचं कडं जेवणाच्या टेबलावर ठेवते आणि दर रविवारी एकेक मेणबत्ती लावते. यंदा तिने ते थेट फरशीवर मांडलं, खाटेपासून हातभर पुढे, बाबांच्या नजरेच्या टप्प्यात. मी आगीचा मुद्दा काढला. तिने माझ्या हातात पाण्याचा मग दिला आणि म्हणाली, "मग बसा राखण करत." अशा रीतीने पहिल्या रविवारी पहिली, आशेची मेणबत्ती लागली आणि मी तिच्यावर पहारा दिला.

"काही दिसतंय का बाबा?"

"पिवळं काहीतरी आहे," ते म्हणाले. "हलतंय."

बायकोने मान हलवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ तिथून नळाचा आवाज येत होता, भांडी मात्र घासलेलीच होती.

खरी पंचाईत पाहुण्यांची झाली. पालथ्या माणसाशी बोलायचं म्हणजे त्याच्या पाठीशी बोलायचं, आणि पाठीला कुणी काय विचारणार? पहिल्यांदा फादर आले. थोडा वेळ पाठीची विचारपूस करून ते कंटाळले, आणि त्यांनी सरळ फरशीवर उताणे पडून डोकं खाटेखाली सरकवलं. दोघं तोंडासमोर तोंड. तिथून फादरांनी, देवसुद्धा असाच आपल्यासाठी खाली उतरून आला, असं काहीसं सुरू केलं. सासऱ्यांनी ते मधेच तोडलं. ते रविवारी सांगा, म्हणाले. आधी जरा बाजूला सरका आणि वर बघून सांगा, छत कसं आहे.

फादर प्रामाणिक माणूस. त्यांनी सांगितलं, की भेग आहे.

ही भेग आम्ही वर्षभर बाबांपासून लपवली होती. वरच्या काकूंच्या न्हाणीघरातून पाणी झिरपायचं आणि आहेरातल्या छताला कोपऱ्यापासून पंख्यापर्यंत तडा गेला होता. बाबा आले की बायको पंखा लावायची आणि मी त्यांना गॅलरीत न्यायचो. एवढी तयारी फादरांनी एका वाक्यात धुळीला मिळवली.

मला वाटलं, बाबा खचतील. झालं उलटंच. त्या दिवसापासून जो येईल त्याला ते फरशीवर झोपवायला लागले. भेग कुठून निघते, कुठे वळते, रुंदी नखाएवढी की बोटाएवढी, फाटे किती. आमच्या हॉलमध्ये प्रतिष्ठित माणसं उताणी पडून छताचा अहवाल देऊ लागली. वरच्या काकू सूप घेऊन आल्या, त्यांनाही सूट मिळाली नाही. पदर सावरत त्या आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "एवढी काही मोठी नाही हो."

"कुठून सुरू होते?" उशीखालून विचारणा झाली.

काकूंनी कोपऱ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्या न्हाणीच्या खालून." दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्लंबर बोलावला. वर्षभर मी तोंडी सांगून जे झालं नव्हतं, ते त्यांना आडवं केल्यावर झालं.

तिसऱ्या रविवारी आनंदाची गुलाबी मेणबत्ती लागली. तोवर आशेची मेणबत्ती जळून जळून सगळ्यांत बुटकी झाली होती. दिसायला बरं म्हणून ती बदलूया, असं मी सुचवलं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाण्याचा मग घेऊन गपचूप जागेवर बसलो.

चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी ती बाबांना तपासायला घेऊन गेली. पडदा बसलाय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण बुडबुडा अजून थोडा मधे येतोय, तेव्हा नजरेचं आज सांगत नाही. उद्या संध्याकाळपासून मान वर केली तरी चालेल.

इकडे मी एक चांगलं काम केलं. मान वर झाल्याबरोबर म्हातारा शिडी मागणार, हे दिसतच होतं. गळती थांबली होती, म्हणून मी एक रंगारी बोलावला आणि भेग बुजवून, वर रंगाचा हात मारून घेतला. नाताळची भेट. बाबा परतले ते मान खाली घालूनच. रंगाचा वास येतोय म्हणाले. वरच्या काकूंकडे काम चालू आहे, असं मी ठोकून दिलं. बायको खूश होती. मीही होतो.

रविवारी संध्याकाळी आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. बायको काडेपेटी घेऊन कड्याजवळ थांबली. बाबांनी मान सावकाश उचलली. आमच्याकडे पाहिलं नाही. नजर कोपऱ्यातून निघाली, पंख्यापर्यंत गेली, परत कोपऱ्यात आली.

"भेग दिसत नाही," ते म्हणाले.

बायकोच्या हातातली काडी न पेटताच राहिली.

"इतके दिवस तेवढ्यासाठी पडून राहिलो," बाबा शांतपणे बोलत होते. "सगळ्यांना विचारून पाठ केली होती. म्हटलं, वर बघितलं की पहिली ती दिसेल. मग कळेल, अजून काम होईल आपल्याच्याने."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घाईघाईने सांगितलं, की बाबा, भेग नाहीच आहे, कालच बुजवून घेतली.

ते हसले. "माझी समजूत घालू नका, जावईबापू. मी काही लहान नाही."

मी शपथ घेतली. बायकोने घेतली. पण आम्ही वर्षभर याच भेगेवरून त्यांना फसवत आलो होतो, तेव्हा आमच्या शपथेला किंमत ती काय. बाबांनी मान खाली घातली. मग, सवयीच्या माणसासारखी, त्यांनी मान पुन्हा वर केली आणि डोळा बारीक केला.

"पंख्याच्या डावीकडे," ते म्हणाले, "कोणाचा हात फिरलाय?"

"रंगाऱ्याचा."

"पुट्टी भरली आणि घासलीच नाही. पोट आलंय तिथे. आणि वरचा रंग शेजारच्या रंगाला मिळत नाही."

"बाबा," बायको म्हणाली, "तुम्हाला ते दिसतंय?"

"न दिसायला काय झालं? एवढं फुगवलंय. आणता कुठून तुम्ही असली माणसं?"

बायको रडायला लागली आणि रडता रडताच तिने चारही मेणबत्त्या पेटवल्या, सगळ्यांत बुटकी सगळ्यांत आधी. बाबा मात्र रंगाऱ्याला सोडायला तयार नव्हते. त्याच्या थापीपासून त्याच्या उस्तादापर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. इतक्या गोड शिव्या आमच्या घरात याआधी ऐकू आल्या नव्हत्या.

मी पाण्याचा मग बाजूला ठेवला आणि सवयीने फरशीवर आडवा झालो. छताला पोट खरंच आलं होतं. नाताळच्या रात्री चर्चमध्ये मी आभार मानायला गुडघे टेकले, तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या पाठोपाठ मला त्या रंगाऱ्याची आठवण झाली. त्याने जरा बरं काम केलं असतं, तर आमचं काही खरं नव्हतं.