सुमनबाईंचा एक पाय

तेलंगवाडी हॉल्टवरून नांदेडची सकाळची पॅसेंजर कधी सुटायची, हे वेळापत्रकात छापलेलं होतं. पण छापणाऱ्यांना महादेवप्पांची पूजा ठाऊक नव्हती. महादेवप्पा आमच्या गावचे कापडवाले, माल आणायला याच गाडीनं जायचे. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत, आणि देवाला घाई करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माणसांना ते फार घाई करत, दुकानातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारा.

तोवर गाडी धरायची सुमनबाईंनी. त्या नांदेडला भाजी विकायच्या. टोपली आत सरकवायची, एक पाय पायरीवर, एक फलाटावर, आणि गार्डाला सांगायचं, सावकार येऊन राहिलेत. गार्ड झेंडी काखेत मारून तंबाखू मळायचा. बाईचा पाय खाली असताना गाडी हलवायची नाही, हा आमच्याकडचा कायदा. कुठल्या पुस्तकात तो सापडायचा नाही.

महादेवप्पा यायचे, बाकावर मांडी घालायचे, घाम पुसायचे आणि म्हणायचे की सरकारी खात्यात कशाला मेळ म्हणून नाही, विकून टाका एखाद्या कंपनीला, मग बघा गाडी कशी वेळेवर पळते. सुमनबाई समोरून म्हणायच्या, गाडी आपली आहे, ती विकणारे तुम्ही कोण? गाडी आपलीच म्हटल्यावर त्या तिकीट काढत नसत. आपल्या घरात शिरताना कुणी काढतं का? एकाला गाडी विकायची होती, दुसरीनं तिचं तिकीट कधी काढलं नव्हतं. गाडी बिचारी दोघांना वाहून न्यायची.

मग खरंच ती एका कंपनीला चालवायला दिली. नवा रंग आला, आपोआप लागणारी दारं आली. इंजिनाला हार घालायला महादेवप्पाच पुढं होते. सुमनबाईंनी त्या दिवसापासून तिकीट काढायला सुरुवात केली. परक्याच्या घरात विचारून शिरावं, म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी महादेवप्पांच्या नातीचं, अक्षराचं, नांदेडला लिंगधारण होतं. बाळाचं लिंग आजोबानं स्वतःच्या हातानं न्यायचं, ही त्यांच्या घराण्याची रीत. विधी करणाऱ्या स्वामींना तिथून पुढं देगलूरला जायचं होतं, ते दुपारपर्यंतच थांबणार होते. शिवकांताकाकू लेकीकडं, मंजुश्रीकडं, आधीच गेलेल्या. त्यांनी आदल्या दिवशीच फोन करून नवऱ्याला बजावलं की उद्या तरी पूजा लवकर आटपा.

"सुमनबाई हाय की," महादेवप्पा म्हणाले.

सुमनबाई होत्याच. टोपली आत सरकवली, पाय ठेवला, गार्डाला शोधलं. गार्ड नव्हता. कुठूनतरी एका बाईचा गोड आवाज आला, प्रवाशांचे आभार मानले, आणि दार सरकलं. सुमनबाईंनी पाय ओढून घेतला, चप्पल आतच राहिली. तिकीट काढलेली बाई फलाटावर, आणि बिनतिकिटाची मेथी नांदेडला.

महादेवप्पा आले तेव्हा गाडीचं शेपूट दिसत होतं. कपाळावरची विभूती अजून ओली होती, हातात रेशमी थैली.

"थांबवायची न्हाई का?"

"कुणाला थांबवू, सावकार? दाराला?"

फाट्यावर जीप उभी होती. जीपवाला सीट भरल्याशिवाय हलेना. तीही खाजगीच. शेवटी एसटी आली. दोघं रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, तेव्हा ड्रायव्हरनं शिव्या दिल्या आणि थांबवली. एक पाय अनवाणी बघून एका पोरीनं सुमनबाईंना जागा दिली. महादेवप्पा एका हातानं दांड्याला लोंबकळत, दुसऱ्या हातानं थैली छातीशी धरून उभे. दर खड्ड्याला थैली हिंदकळत होती.

"द्या इकडं," सुमनबाई म्हणाल्या.

"ह्यात लिंग हाय, सुमनबाई."

"मग? माझ्या मांडीवर बसायचा न्हाई का त्यो?"

इतकी वर्षं समोरासमोर बसून महादेवप्पांनी त्यांच्या बाटलीतलं पाणी कधी घेतलं नव्हतं, आणि त्यांच्या बुद्धविहाराकडच्या गल्लीत उधारी वसूल करायलासुद्धा ते नोकर पाठवत. ते खिडकीबाहेर बघत राहिले. पुढच्या खड्ड्यानंतर त्यांनी थैली सुमनबाईंच्या हातात दिली. सुमनबाईंनी ती पदरात घेतली आणि नांदेड येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली. मेथीचं नावही काढलं नाही.

मंजुश्रीच्या दारात स्वामींची गाडी सुरूच होती. स्वामी आत बसलेले, ड्रायव्हर वैतागलेला. आणि शिवकांताकाकू एक पाय गाडीच्या पायरीवर, एक जमिनीवर, दार घट्ट धरून उभ्या.

"मामा, एवढा उशीर?" जावई सोमेश म्हणाला.

महादेवप्पांनी बायकोच्या पायाकडं बघितलं, मग सुमनबाईंच्या अनवाणी पायाकडं.

"गाडी वेळेवर होती," ते म्हणाले.

जावयाला काही कळलं नाही. सुमनबाईंनी थैली काकूंच्या ओंजळीत ठेवली आणि त्या मागं वळल्या. जेवून जा, म्हणून काकूंनी हात धरला.

"थांबते की," सुमनबाई म्हणाल्या. "मेथी आता कंपनीच विकंल."