केसभर वाकडी

मिस्त्रींच्या कारखान्यातल्या जुन्या करवतीला घरात सगळे आत्याबाई म्हणत, कारण ती अंगावर यायची. उभा खांब, खांबाला आडवा लोखंडी हात, हाताला टांगलेली मोटर आणि गोल पातं. फळी खाली धरायची आणि पातं आपल्याकडे ओढायचं, एवढंच काम. पण आत्याबाईंना ओढावं लागत नसे. त्या आपणहून धावत येत आणि त्यांना आवरण्यातच माणसाचा दम निघे. शिवाय वयोमानाने हात केसभर वाकडा झालेला. म्हणून फळी डाव्या अंगठ्याने किंचित तिरकी रेटायची, मग काप काटकोनात पडे. याला मिस्त्री ‘अंगठा देणं’ म्हणत. बाकीच्या जगात अंगठा देतो तो अडाणी. या घरात अंगठा देतो तो कारागीर.

मिस्त्रींच्या धाकट्या मुलाचं आणि त्यांचं भांडण याच आत्याबाईंवरून.

“बाबा, भंगारात घाला तिला.”

“चालतंय ते भंगार नसतं,” मिस्त्री म्हणत. “उद्या मलाही हाच न्याय लावशील.”

कारखान्यामागच्या एका खोलीत धाकटा, त्याची बायको आणि दोन मुली राहत. रस्त्यावर जायचं तर वाट आत्याबाईंच्या समोरून. भुसा जेवणात, भुसा उशीत. धाकट्याचा तिथे जीव घुसमटायचा. थोरला भाऊ केव्हाच सुटला होता. लांबच्या शहरात त्याचं स्वतःचं दुकान होतं, आणि फोनवर तो दर वेळी म्हणायचा, “निघ रे तिथून.”

मग फर्निचरच्या एका मोठ्या फॅक्टरीत जागा निघाली. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. बायकोने तर पडदे कुठल्या रंगाचे, तेही ठरवून टाकलं. बाजारात तुरी म्हणतात, त्यातलीच गत.

चाचणीला फोरमनने धाकट्याला करवतीपुढे उभं केलं. जात तीच, पण नवीकोरी. धाकट्याला हसूच आलं. हा तर हातचा मळ. त्याने चार तुकडे कापले, चौकट जुळवली, आणि कोपऱ्यात फट. फोरमनने गुण्या लावला, तर पोलादी काटकोनाखालून उजेड दिसला.

“दुसरी फळी घ्या.”

धाकट्याला चूक कळली होती. अंगठा द्यायचा नाही, बस. त्याने दात आवळून पातं ओढलं आणि अंगठा आपला आपण सरकला. तिसऱ्यांदा त्याने अंगठा मुठीत दाबून धरला, तर फळीच हलली. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. याचं उलटंच होतं. बिचाऱ्याला वाकड्या अंगणातच तेवढं नाचता येत होतं.

“हात साफ आहे तुमचा,” फोरमन म्हणाला. माणूस काही वाईट नव्हता. “पण ही खोड मोडायला आमच्याकडे वेळ नाही.”

घरी बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती पाणी आणायला आत वळली. मिस्त्रींनी विचारलं. त्याने सगळं सांगितलं. ते आत्याबाईंचं पातं पुसायला लागले.

“अर्ध्या तासाचं काम आहे,” ते म्हणाले.

“कसलं?”

“हिचा हात सरळ करायचं. मागे दोन बोल्ट आहेत.”

आपण चुकीचं ऐकलं, असंच धाकट्याला वाटलं. “मग इतकी वर्षं?”

“थोरला सरळ करवतीवर शिकला. शिकला आणि गेला. पुढे हात वाकडा झाला, तेव्हा मी... राहू दिला.”

धाकट्याला बापाचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी, हा म्हातारा आता रडतो की काय, याचीही भीती वाटली. कोणत्याच बाजूने सुटका नव्हती.

मिस्त्रींनी पाना आणून त्याच्यापुढे केला. “घे. तूच सरळ कर. एक-दोन महिन्यांत हात वळेल. मग जा.”

धाकट्याने पाना घेतला, बोल्टला लावला. शेजारी शाळेच्या बाकांच्या फळ्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. बाकं सोमवारी द्यायची होती. आता करवत सरळ केली, तर त्यातली एकूण एक फळी तो वाकडी कापणार होता.

“आधी ही बाकं होऊ देत,” तो म्हणाला.

“होऊ देत,” मिस्त्री समजुतीने म्हणाले. “त्यानंतर दवाखान्याच्या खिडक्या आहेत.”