जाळीची खालची कड

मोठ्या बाईंना सभागृहात पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि तेही अशा खुर्चीत की माणूस बसला की बुडालाच. सगळा जन्म टेबलाशी उभं राहून ऑपरेशनं केलेल्या सर्जनला ही बसायची सोय नव्हती, शिक्षा होती. समोर भिंतीएवढा पडदा. पडद्यावर एका माणसाच्या पोटाचा आतला भाग. तो माणूस म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा भाऊ.

भावाचं फर्निचरचं दुकान. हाताखाली माणसं असूनही कपाटं स्वतः उचलायची त्याला भारी हौस. साठी उलटल्यावर त्या हौसेचा हर्निया झाला. जांघेत भोक पडलं आणि आतडं तिथून बाहेर डोकावायला लागलं. ऑपरेशन थेट पडद्यावर दाखवू का, असं त्याच्या सर्जनने विचारलं तेव्हा भाऊ खूशच झाला. "ताई, मी सिनेमात," म्हणाला.

सर्जन बाईंचा जुना विद्यार्थी. कॉलेजात त्याला सगळे पॉलिश म्हणत, कारण रात्रपाळी करून आला तरी त्याचे बूट चकाकत असायचे. पॉलिशचा हात मात्र चांगला होता, आणि हीच अडचण होती. हात वाईट असता तर बाईंनी त्याला तेव्हाच दुसरा धंदा बघायला सांगितलं असतं, आणि भावालाही त्याच्याकडे पाठवलं नसतं.

आता पॉलिश रोबोटने ऑपरेशन करायचा. पेशंटपासून चार हात लांब, कोपऱ्यात एका यंत्रापुढे बसायचं, कपाळ खोबणीत टेकवून दोन भिंगांतून आत बघायचं, बोटं कड्यांत अडकवायची. तिकडे पेशंटच्या पोटात रोबोटचे बारीक हात तशीच हालचाल करतात. पडद्याच्या एका चौकोनात पॉलिशची ही बैठकही दाखवत होते, आणि त्याचं भाषण चालू होतं.

"आमच्या गुरूंनी वाकून वाकून मानेचे मणके झिजवले," तो म्हणाला. "आम्ही बसून काम करतो. सर्जन आरामात, तर पेशंट आरामात."

सभागृह हसलं. काही जणांनी बाईंच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलंसुद्धा.

बाई बघत होत्या त्याच्या खांद्यांकडे. ते कानांना लागले होते. आधीचं ऑपरेशन करणारी डॉक्टर बुटकी असावी. तिच्या मापाचा हातटेकू तसाच खाली राहिला होता, आणि पॉलिशची कोपरं अधांतरी लोंबत होती. टेकू वर घ्यायला एक बटण दाबावं लागतं. पण कॅमेऱ्यासमोर बटणं शोधत बसणारा माणूस उस्ताद कसा दिसेल? त्यातून दर दोन वाक्यांनी तो भिंगातून डोकं काढून कॅमेऱ्याकडे बघायचा. डोकं निघालं की यंत्राचे हात जागच्या जागी थांबतात. यंत्र शहाणं होतं. बोलघेवड्याच्या हातात कात्री देऊ नये एवढी अक्कल त्याला होती.

यंत्राला बाई नावं ठेवत नव्हत्या. पडद्यावर दिसणारी जांघेतली ती बारीक नस त्यांना उभ्या जन्मात इतकी स्वच्छ दिसली नव्हती. त्यांच्या वेळच्या थिएटरला खिडकी होती, वीज गेली की सिस्टर पडदा सरकवायची आणि उन्हाच्या तिरिपेत काम पुढे चालायचं. असलं यंत्र तेव्हा मिळतं तर बाईंनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. त्यापुढे बसवायला माणूस तेवढा वेगळा निवडला असता.

आराम पॉलिशला, आणि पेशंटजवळ उभी असलेली त्याची मदतनीस, एक तरुण डॉक्टर, रोबोटच्या दोन हातांमध्ये चेपून कमरेत वाकडी झालेली. तिच्या मणक्यांबद्दल भाषणात एक अक्षर नव्हतं.

मग जाळीची वेळ आली. हर्नियाचं भोक आतून झाकायला ऐसपैस जाळी लावतात. ती नीट बसायची तर पोटाचं आतलं अस्तर खालपर्यंत सोलून जागा करावी लागते. हे कंटाळवाणं काम. पॉलिशने अस्तर वरवर सोललं. रोबोटचे हात एकमेकांवर आपटायला लागले, त्याचे खांदे आणखी वर गेले आणि जाळीची खालची कड दुमडली.

"जाळी जरा मोठी होतेय," पॉलिश हसून म्हणाला. "शिंपीकाम करू या." आणि त्याने आतल्या आतच कड कापून टाकली.

टाळ्या पडल्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाळी मोठी नव्हती, केलेली जागा लहान होती. आज ना उद्या भाऊ जोर लावणार, आणि त्या कापलेल्या कडेखालून आतडं पुन्हा वाट काढणार. त्यांनी प्रश्नांसाठी ठेवलेला माइक ओढून घेतला.

"ती जाळी कुणाच्या मापाची कापलीस रे?"

पॉलिशने डोकं बाहेर काढलं. यंत्र थांबलं. "बाई आमच्या सुईदोऱ्याच्या काळातल्या," तो गोड आवाजात म्हणाला. "त्यांचा आशीर्वाद आहेच."

सभागृह पुन्हा हसलं. बाई उठल्या. त्या खुर्चीतून उठणं हेच एक ऑपरेशन होतं.

त्या थेट ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गेल्या. तिथल्या मोठ्या सिस्टर त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी काही न विचारता टोपी आणि कपडे पुढे केले. बाई आत जाऊन पॉलिशच्या मागे उभ्या राहिल्या.

"माइक बंद कर."

"बाई, कार्यक्रम चालू आहे."

"माझ्या भावाचं पोटही चालू आहे. बंद कर."

पॉलिशने बटण दाबलं. आवाजातला गोडवा त्याच क्षणी गेला. "एवढीशी कड कापली. इतकी वर्षं करतोय मी. माझे हर्निया परत येत नाहीत."

"येतात. तुझ्याकडे येत नाहीत, एवढंच. फसलेला पेशंट पुन्हा त्याच दारात कशाला जाईल? तो शेजारच्या डॉक्टरकडे जातो आणि तू छाती फुगवून फिरतोस."

मदतनीस मुलीने मान खाली घातली. हसू मास्कमध्ये मावलं.

"खाली जागाच नाही, बाई. हात आपटतायत."

"आपटणारच. रोबोटचे हात आत घालायची छिद्रं पोटावर अशी खेटून पाडलीस, फोटोत सुबक दिसावीत म्हणून. आता त्या हातांची कोपरं बाहेर वळवून घे. सिस्टर, याचा टेकू वर करा. खांदे खाली सोड. अस्तर पुन्हा सोल. आणि नवी जाळी."

"हॉलला काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

एवढा घाबरलेला तो परीक्षेतही दिसला नव्हता. पण कपाळ खोबणीत गेलं, आणि या खेपेला तिथेच राहिलं. मुलीने रोबोटचे हात बाहेर वळवले आणि तिलाही सरळ उभं राहायला जागा झाली. कापलेली जाळी बाहेर आली. अस्तर हळूहळू, तंतू तंतू सुटत खाली गेलं. बाईंनी निवडलेला तो जुना हात अजून जिवंत होता. त्याच्या मालकाने तो जत्रेत उभा केला होता, हे पाहून बाईंना जास्तच चीड आली.

नवी जाळी पसरली ती इस्त्रीच्या चादरीसारखी. अस्तर वर ओढून शिवलं तरी खालची कड हलली नाही.

पॉलिशने डोकं वर काढलं. "हॉलमध्ये काय म्हणतायत?"

"आवाज बंद झाल्यावर सगळे चहाला गेले, सर," कॅमेरावाला म्हणाला.

"सगळे?"

पेशंटचं कसं आहे, हे त्याने त्यानंतर विचारलं.

भाऊ शुद्धीवर आला तेव्हा पॉलिश त्याच्या उशाशी हजर. "पहिली जाळी माझ्या मनास येईना," तो सांगत होता. "म्हटलं, तडजोड नाही. काढली आणि दुसरी घातली."

भावाचे डोळे भरून आले. "ताई, बघ. असा डॉक्टर भाग्याने मिळतो."

बाईंनी चादर बाजूला करून पोटावरच्या पट्ट्या पाहिल्या, जांघ हलकेच दाबली, त्याला खोकायला लावलं. बोटाखाली काही आलं नाही. चादर पुन्हा नीट केली.

"हो," त्या म्हणाल्या. "पड आता."

दाराबाहेर येताच त्या पॉलिशला म्हणाल्या, "उद्या छिद्रं लांब लांब पाड."

"उद्याचा हॉल आजच्यापेक्षा मोठा आहे, बाई."

"मग मला माइकच्या बटणाजवळ बसव."