बद्द वाजलेला जिना

मित्रांनो, कपाटाच्या तळच्या खणात, जुन्या नकाशांखाली गंजत पडलाय तो म्हातारा हातोडा म्हणजे मीच. मुठीएवढं डोकं आणि लाकडी दांडा, एवढाच माझा पसारा. खिळे ठोकणं माझ्या नशिबी कधी आलं नाही. इमारतींची विचारपूस करणं हे माझं काम.

माझे साहेब इमारतींचे सल्लागार इंजिनिअर. नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस थाटलं तेव्हा त्यांनी मला लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतलं. जुनी इमारत तपासताना ते मला खांबावर, छतावर हलकेच आपटत. काँक्रीट धड असेल तर मी टणटण वाजे. आतली सळई गंजून काँक्रीट सुटलं असेल तर बद्द आवाज निघे. साहेब डोळे मिटून ऐकत आणि तिथं खडूने फुली मारत. "साहेबांचा कान म्हणजे एक्स-रे!" असं ठेकेदार म्हणत, तेव्हा मीही दांड्यापर्यंत फुलून जाई.

पण सारा जन्म मिक्सर आणि ड्रिलच्या गोंगाटात काढलेला तो कान हळूहळू थकला. घरी बायकोला दोन-दोन हाका माराव्या लागत. साहेब कबूल करत नसत. मला मात्र कळून चुकलं होतं, कारण ते मला आता जोरात आपटू लागले होते.

एका चार मजली इमारतीत जिन्याच्या खालच्या बाजूला मी तीनदा बद्द वाजलो. सोबत साहेबांची मुलगी होती, तीही इंजिनिअरच.

"बाबा, इथे पोकळ वाटतंय."

"काही नाही गं. तीस वर्षं हेच ऐकतोय मी."

ती गप्प बसली. खडू खिशातच राहिला आणि जिना ठणठणीत असल्याचा अहवाल गेला.

दीड महिन्याने तिथलं काँक्रीट निखळलं. खाली रखवालदार डबा खात बसला होता. त्याचा पाय कापावा लागला.

साहेब दवाखान्यात गेले तेव्हा मी त्यांच्या पिशवीतच होतो.

"चूक माझी आहे. मला ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले.

रखवालदाराने पायावरची चादर सारखी केली. "मग कुणाला तरी विचारायचं होतं ना, साहेब."

त्यानंतर साहेबांनी काम सोडलं. ऑफिस आता मुलगी सांभाळते. तिच्याकडे आकडे दाखवणारं यंत्र आहे. कधी खण उघडला आणि मी दिसलो, की तिचा चेहरा उतरतो आणि ती खण लावून टाकते. मला फार वाईट वाटतं, पण तिचा राग येत नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो, मोठ्या माणसांना ऐकू गेलं नाही तर पुन्हा सांगा, रागावले तरी सांगा. त्या दिवशी मी तीनदा सांगितलं होतं. तिनं एकदाच सांगितलं.