बिडाची विहीर

आधीच सांगून ठेवते. आमच्या मास्तरांना वेड लागलंतं असं कोण म्हणत असंल, तर त्यानं माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय. चहा न्हाय आन् पाणीबी न्हाय. वेड कुणाला लागलंतं ते ऐका.

मास्तर म्हणजे माझा नवरा, नृसिंह. हायस्कूलात चित्रकला शिकवायचं. सासूबाईंनी वाडीच्या दत्ताला नवस बोलल्यावर झालेलं, म्हणून हे नाव. मामाचं गाव वाडीच्या पल्याड, त्यामुळं लहानपणी सगळी सुट्टी नावेतनं इकडनं तिकडं. तिथंच कवातरी पाणी डोक्यात शिरलं ते शिरलंच. लग्न झाल्यावर माणसं बायकोला पिच्चर दाखवाय नेत्यात, ह्यांनी मला पंचगंगेच्या घाटावर नेऊन वारा दाखवला. म्हणालं, "मालन, बघ, मावळतीकडनं येतोय." मी म्हटलं, "व्हय, कळलं की. माझा पदर उडवाय लागलाय."

तर ह्या माणसानं परड्यातल्या शेडात शिडाची होडी बांधली. कोल्हापुरात! गल्लीतली माणसं मुद्दाम वाकून बघायची. "काय मास्तर, समुद्र कवा येणार हाय आपल्याकडं?" मास्तर म्हणायचं, "त्यो न्हाय आला तर आपण जाऊ की." फळी मी धरायची आन् स्क्रू त्यांनी पिळायचा. शीड माझ्या शिवणमशीनवर शिवलं, सुया मोडून मोडून माझा जीव गेला. पण खरं सांगते, राजाराम बंधाऱ्याच्या फुगवट्यात ते पांढरं शीड पहिल्यांदा फुगलं, तवा मला रडूच फुटलं. शाळेत ह्यांना कोण विचारायचं न्हाय. घरात थोरल्या भावापुढं हे तोंड उघडायचं न्हाईत. पण होडीत बसलं की ह्यांची मान ताठ व्हायची, आवाज बदलायचा. मला तिथनं हुकूम सोडायचं, आन् मी ऐकायची. एरवी कोण ऐकतंय!

होडीच्या मागल्या अंगाला त्यांनी एक विहीर केलती. विहीर म्हणजे काय, तर होडीच्या बुडाला चौकोनी भोक पाडायचं आन् त्याच्याभोवती चार फळ्यांची पेटी उभी करायची. पेटीच्या काठावर मोटर अडकवायची. तिचा पाय भोकातनं खाली पाण्यात, पंखा पाण्यात फिरणार. पेटीत नदीचं पाणी चढतंच, पण नदीएवढंच. काठ त्याच्यापरास उंच असला की होडीत थेंब येत न्हाय. मला आधी खरं वाटंना. "अवो, होडीला भोक पाडून होडी तरंगती व्हय?" तर हसून म्हणालं, "काठ उंच हाय तवर तरंगती." मोटर कधी घेतलीच न्हाय. वारा पडला की वल्हं मारायचं. विहीर आपली रिकामीच.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं मात्र लख्ख, डोळ्यात बघितलं की कळायचं. आन् एक वाईट खोड लागली. राग आला, दुःख झालं, की ह्यांना हसू फुटायचं. खो खो, डोळ्यातनं पाणी येस्तवर. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "झटक्यात असं होतं. आतली तार उलटी जोडली गेलीया समजा. ते हसणं खरं धरू नका." मी कवाच धरलं न्हाय. बाकी सगळ्यांनी धरलं. बघायला येणारी पावणं म्हणायची, "मास्तर आनंदी असत्यात की!" माझ्या मस्तकात तिडीक जायची.

ह्यांना एकच पायजे हुतं. सकाळी खुर्चीत बसवलं की डावा हात उचलून शेडाकडं दाखवायचं, मग नदीकडं. रोज. एकदा पाण्यावर जायचं. शिडाची दोरी ओढायची ताकद न्हवती, पण डाव्या हातानं मोटरीचा, होडी वळवायचा दांडा धरता आला असता. मी सगळ्यांना सांगत सुटले, मोटर बघा, कुठनंबी आणा, जुनी आणा.

ती आणली थोरल्या भावजींनी. गणपतराव. उचगावच्या अंगाला त्यांची फाउंड्री, बिडाचं, म्हंजे ओतीव लोखंडाचं काम. माणूस वाईट न्हाय हो, वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी दिल्या असत्या. झटक्यानंतर रोज पहाटे येऊन भावाला उचलून न्हाणीत न्यायचं ते हेच. भट्टीवर भाजलेलं हात, पण ह्यांची दाढी करताना कापूस फिरवावा तसं फिरवायचं. तर भावजींनी मालवणला वळख काढून एका मच्छीवाल्याची मोटर आणली. मोटर मोठी, जड, आन् पाय मात्र आखूड. विहिरीत बसंना. बसवली तर पंखा पाण्याला टेकंना.

भावजी विहिरीत वाकून बघत म्हणालं, "हात्तिच्या! काठ कापायचा खाली. आन् हे प्लायवूड काढून टाकायचं, ह्या मोटरीच्या धक्क्यानं चार दिवसांत खिळखिळं हुईल. बिडाची पेटी ओतून देतो. एकसंध! माझ्या भावाची होडी हाय, पिढ्यान् पिढ्या हालायची न्हाय."

मास्तर खुर्चीत हसाय लागलं. खो खो खो.

"बघ की मालन, किती खूश झालाय त्यो!" भावजींचं डोळं भरून आलं.

"भावजी, ते हसणं न्हवं. ते न्हाय म्हणत्यात."

"तुला काय कळतंय त्यातलं? जन्म भट्टीवर गेला आमचा."

आमच्याकडं एक रोग हाय, जे करायचं ते भक्कम करायचं. गेट करायचं तर रणगाडा अडंल असं. टाकी करायची तर भूकंपात टिकंल अशी. मजबूत म्हणजे चांगलं, आन् जड म्हणजे मजबूत. पाण्याचा हिशोब आमच्या रक्तात न्हाय, बिडाचा हाय.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला खुणेनं घंगाळ मागितलं. पाणी भरायला लावलं. भावजी समोरच बसलेलं. ह्यांनी डाव्या हातानं पाण्यात वाटी सोडली, ती तरंगली. मग माझा अडकित्ता उचलला आन् वाटीच्या एका कडंला अलगद ठेवला. वाटी कलली, कडंवरनं पाणी आत आलं, गट्टकन बुडाली. मास्तरांनी भावाकडं बघितलं. वाटी काढली, परत केलं. परत बुडाली. परत बघितलं. एवढं स्पष्ट आजवर वर्गातबी कुणी शिकवलं नसंल.

भावजींनी भावाच्या डोक्यावरनं हात फिरवला. "खेळाय लागलाय," म्हणालं, "ल्हान झालाय माझा नरसू." आन् रडाय लागलं.

त्यावर मास्तर एवढं हसलं, एवढं हसलं, की खुर्चीवरनं घसरलं.

मी भांडले नसेन असं वाटतंय व्हय? गल्ली गोळा झालती. "नाकापरास मोती जड करू नका," म्हटलं. "काठ खाली आणू नका. लांब पायाची मोटर बघा, मी थांबते, ते थांबतील." जाऊबाईनं माझ्या हाताला धरून आत नेलं. थोरल्या भावानं हौसेनं दिलेलं नाकारत न्हाईत, म्हणाली, त्यांच्या जिवाला लागंल. ह्यांच्या जिवाचं काय, ते कुणी विचारलं न्हाय. होडी टेम्पोत घालून फाउंड्रीत गेली.

पेटी ओतली. चार माणसांनी उचलायची पेटी! होडीच्या बुडाला जाड बोल्टांनी आवळली. मग भावजींनी मला मुद्दाम बोलावून नेलं परीक्षा बघायला. पेटीला खालनं फळी मारून ती काठोकाठ पाण्यानं भरून ठेवलती, रातभर. "हात लाव, बघ. हाय का कुठं ओल? थेंब गळला न्हाय!" कामगार सगळं अभिमानानं उभं. अवो, गळायचा प्रश्नच कुठं हुता? आतलं पाणी बाहेर जाईल म्हणून कोण भीत हुतं? पाण्याची टाकी तपासत्यात तशी त्यांनी होडी तपासली, आन् टाकी म्हणून ती फस्क्लास हुती, माझी काय तक्रार न्हाय.

खंडेनवमीला मशिनींबरोबर तिची पूजा झाली. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. दसऱ्याला घाटावर न्यायचं ठरलं. "सीमोल्लंघन करतंय आमचं मास्तर!" भावजी गल्लीभर सांगत फिरलं. मास्तरांनी सकाळपासनं जेवण घेतलं न्हाय. मी म्हटलं, "नका जाऊ. मी दारात आडवी पडते." तर त्यांनी माझा हात धरला, आन् नदीकडं बोट दाखवलं. कळलं मला. त्यांना ठाऊक हुतं काय हुणार ते. तरी जायचंच हुतं. एवढी भूक माणसाला एखाद्या गोष्टीची असावी का? मीच त्यांना धुतलेला सदरा घातला.

घाटावर ही गर्दी. हलगी लागलेली. होडी पाण्यात सोडली. रिकामी हुती तवा तरंगली, मागनं जरा वाकलेली, पण बिडाचा काठ पाण्याच्या वर वीतभर हुता. भावजी माझ्याकडं बघून मिशीत हसलं. मग मोटर चढवली, काठ चार बोटांवर आला. मग दोघांनी मास्तरांना उचलून मागं बसवलं, दांड्याजवळ, कारण दांडा त्यांनीच धरायचा हुता. भावजी त्यांच्या शेजारी बसलं, भावाला धरायला. काठ आता पाण्याशी अगदी बरोबर. मी वरनं वरडले, "भावजी, उतरा! निदान तुम्ही तरी पुढं सरका!" हलगीत कोण ऐकतंय.

मास्तरांचा डावा हात दांड्यावर हुता. मान ताठ हुती. मी बघितली ती मान, देवाशपथ. झटक्यानंतर पहिल्यांदा.

भावजींनी दोरी ओढली. मोटर सुरू झाली आन् होडीचं मागलं अंग खाली बसलं. पाणी विहिरीच्या काठावरनं आत आलं. गळत न्हवतं, ओतत हुतं. घाटाच्या पायऱ्या सुटल्यासुद्धा न्हाईत. मास्तर हसाय लागलं, मोठ्ठ्यांदा, आन् घाटावरची सगळी माणसं त्यांना हसताना बघून हसली, टाळ्या वाजवल्या. कुणीतरी वरडलं, "लई भारी, मास्तर!" त्यांना वाटलं गंमत चाललीया. मी छाती बडवत खाली पळत हुते आन् माणसं हसत हुती.

मागनं बुडाली. मोटरीनं, बिडानं ओढून नेली. कामगारांनी उड्या टाकल्या, दोघांना काढलं. मास्तरांच्या मुठीत मोटरीच्या दांड्याचं रबर आलतं, ते सोडवाय दोघं लागली.

भावजी घाटावर बसून लहान पोरागत रडलं. सगळी त्यांनाच समजावत हुती. "तुमचा काय दोष, दादा." जाऊबाई त्यांना वारा घालत हुती. मास्तर ओल्या सदऱ्यात पायरीला टेकून बसलेलं, त्यांच्याकडं कुणाचं ध्यान न्हवतं. मी पदरानं त्यांचं डोकं पुसलं.

दुसऱ्या दिवशी भावजी क्रेन घेऊन आलं. होडी वर काढतो, म्हणालं, परत नीट करू. मास्तरांना रिक्षातनं नेलं, त्यांनीच खुणेनं हट्ट धरला. पोहणाऱ्या गड्यानं खाली जाऊन साखळी लावली. कुठं लावली? बिडाच्या पेटीला. सगळ्यात मजबूत तीच की! मी रिक्षातनं उतरून बोंबलत गेले, "फळ्यांच्या पुढनं घ्या, पट्टा टाका बुडाखालनं!" मास्तर रिक्षाच्या दांडीवर मूठ आपटत हुतं. क्रेन वडाय लागली. पाण्याखाली कडाकडा आवाज आला, मला तो छातीत ऐकू आला.

पेटी वर आली. एकटी. बोल्टाला धरून प्लायवूडच्या चार चिरफळ्या लोंबत हुत्या. होडी मागनं फाटून खालीच राहिली, डोलकाठी तेवढी जरा वेळ वर दिसली, मग ती बी आडवी झाली.

क्रेनवाल्यानं पेटी घाटावर ठेवली. भावजी तिच्याजवळ गेलं. हातानं गाळ पुसला, चारी बाजूनं फिरून बघितलं. मग त्यांच्या तोंडनं आपोआप निघालं, "कास्टिंगला एक ओरखडा न्हाय बघा."

बोलून गेल्यावर कळलं त्यांना. मान खाली घातली. पण बोललं ते बोललं.

मी मास्तरांकडं बघितलं. मला वाटलं आता हसतील, रिक्षा हालंल एवढं हसतील. ते गप्प हुतं. त्या दिवसापासनं हसणं गेलं. डॉक्टर म्हणालं, चांगली सुधारणा हाय. नदीकडं बोट दाखवणंबी गेलं. सकाळी खुर्चीत बसवलं की त्यांनी आपलं भिंतीकडं बघायचं. भरवलं तर खायचं, न्हाय भरवलं तर मागायचं न्हाय. भावजी मरस्तवर रोज आलं, दाढी करून गेलं. मास्तरांनी त्यांच्याकडं एकदा डोळा वर करून बघितलं न्हाय, आन् भावजींनीबी ते कुणाला सांगितलं न्हाय.

दोन हजार पाचच्या पुरानंतर गेलं मास्तर. म्हणजे बघा किती वर्षं काढली त्या खुर्चीत. लोक अजून मला म्हणत्यात, "नशीबवान हायस बाई, धनी पाण्यातनं परत आला." मी ऐकून घेते. खरं सांगू? कामगारांनी उडी मारली तवा मी हात जोडून दत्ताला हाक मारलती, वाचव म्हणून. ती हाक मारली नसती तर बरं झालं असतं. मान ताठ असताना गेलं असतं.